बोलावलेले साक्षी

(शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये 1:8, लूक 18:1–8)



सुवार्तिकाचा आठवडा म्हणजे रविवार, असा समज आमच्या पुष्कळ मंडळ्यांत दृढ होऊन बसला आहे. रविवारी तो उभा राहून बोलतो म्हणून तो दिसतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत तो कोणाच्या पडवीत बसला, कोणाच्या उशाशी जागला, कोणत्या भांडणात मध्ये पडला, ह्याची विचारपूस सहसा होत नाही. झालीच तर वर्गणीच्या वेळी होते, आणि तीही जरा वाकड्या सुरात. ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या शहरांत आपल्या खेड्यांतून पोटासाठी गेलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांची सेवा करावयास जे तरुण गेले आहेत, त्यांचा आठवडा लोकलगाडीत उभे राहण्यात आणि चाळींचे जिने चढण्यातच जातो. ह्या तरुणांसाठी, आणि विशेषेकरून त्यांना पाठविणाऱ्या मंडळ्यांसाठी, आम्ही आज ठाण्यातील एका आठवड्याचे वृत्त सांगणार आहो. हा आठवडा आजचा नव्हे. तो 1321 सालच्या एप्रिल महिन्यातला, झावळ्यांच्या रविवाराच्या आधीचा आठवडा होय.

कित्येकांस आश्चर्य वाटेल की त्या काळी ठाण्यात ख्रिस्ती लोक कोठून आले! परंतु ह्या किनाऱ्यावर प्रभूचे नाव फार पूर्वीच येऊन पोहोचले होते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापारी प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, कल्लियाना नावाच्या ठिकाणी एक बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्या पूर्वेकडील मंडळीचे, ज्यांस नेस्टोरियन म्हणत, असे काही लोक चौदाव्या शतकात ठाण्यास राहत होते. त्यांची घरे किती? पंधरा. ही संख्या ओदोरिक नावाच्या प्रवासी साधूने नोंदली आहे. आपल्या मंडळीत घरे थोडी म्हणून कष्टी होणाऱ्या भावांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्या पंधरा घरांपैकी एका घरी पाच परदेशी सेवक येऊन उतरले. चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे होते: तोलेंतिनो गावचा थोमा, पादुआचा याकोब, सिएनाचा पेत्र, आणि तिफ्लिसचा देमेत्रिय, जो अनेक भाषा जाणत असून दुभाष्याचे काम करी. पाचवा डोमिनिकन पंथाचा जॉर्डनस. हे सर्व रोमी मंडळीचे होते हे खरे. परंतु आमच्यामध्ये व त्यांच्यामध्ये जी भिंत पुढे उभी राहिली तिचा पायाही तेव्हा घातला गेला नव्हता. ल्यूथरचा जन्म 1483 सालचा. तेव्हा ह्या वृत्तापासून बोध घेण्यास आमच्या वाचकांनी संकोच करू नये.

त्यांना ठाण्यास यावयाचेच नव्हते. होर्मुझ बंदरातून ते निघाले ते दक्षिणेकडील कोल्लम येथे जाण्याच्या उद्देशाने, पण जहाजाने त्यांना ठाण्यास आणून सोडले. पौलास बिथुनियास जावयाचे होते आणि तो त्रोवसास पोहोचला, तशातलीच ही गोष्ट. ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांनी त्यांना सांगितले की, सोपारा व भडोच ह्या बाजूस आपले लोक आहेत, ते केवळ नावाचे ख्रिस्ती असून त्यांना शिक्षण नाही व बाप्तिस्माही नाही. जॉर्डनसला फारसी भाषा चांगली येत असे, म्हणून तो तिकडे निघाला. चौघे ठाण्यात राहिले. कोणी जावे व कोणी राहावे हा प्रश्न असा भाषेच्या साध्या सोयीवर सुटला. जो गेला तो जगला; जे राहिले ते मेले.

आता त्या घरात काय घडले ते लक्ष देऊन ऐका. ज्या यजमानाच्या घरी हे पाहुणे उतरले होते, त्याचे व त्याच्या बायकोचे एके दिवशी भांडण झाले आणि संध्याकाळी त्याने तिला फार मारले. घर ख्रिस्ती होते. त्या छपराखाली देवाचे चार सेवक झोपत होते, आणि त्याच छपराखाली एक बाई मार खात होती. सकाळ होताच ती उठली आणि काजीकडे फिर्याद घेऊन गेली. काजीने तिला विचारले, ह्याला पुरावा काय? ती म्हणाली की, माझ्या घरी चार फिरंगी धर्मगुरू उतरले आहेत, त्यांच्यादेखत हे घडले, त्यांना विचारा.

बंधुजनहो, रक्तसाक्षी हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो. ज्या ग्रीक शब्दाचे ते भाषांतर, त्या मार्तुस् ह्या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार एवढाच आहे. कोर्टात उभा राहून पाहिले ते सांगणारा मनुष्य. ठाण्याचे हे चौघे पुढे रक्तसाक्षी म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु त्यांना प्रथम साक्षीस बोलावले ते राजाने नव्हे, काजीनेही नव्हे, तर एका मार खाल्लेल्या बाईने. आणि ती साक्ष धर्माविषयी नव्हती. तुझ्या नवऱ्याने तुला मारले हे खरे काय, एवढ्याच गोष्टीविषयी होती.

पुढे जे झाले त्यात ती बाई दिसेनाशी होते. काजीच्या जवळ आलेक्सांद्रियाचा एक मनुष्य बसला होता. तो म्हणाला, हे लोक मोठे शास्त्री आहेत, त्यांना बोलवा म्हणजे धर्माविषयी वाद करता येईल. पेत्रास सामानाची राखण करावयास घरी ठेवून तिघे काजीपुढे गेले. वाद सुरू झाला तो प्रभू येशू कोण ह्या प्रश्नावर. तिघांनी आपल्या विश्वासाप्रमाणे उत्तरे दिली. मग महंमदाविषयी तुमचे मत काय, असे विचारण्यात आले. थोमाने आधी आडून उत्तर देऊन तो प्रश्न टाळला; पुनःपुन्हा डिवचल्यावर मात्र त्याने अत्यंत कठोर शब्द उच्चारले. ते शब्द आम्ही येथे देत नाही, आणि कोणा तरुण सुवार्तिकाने त्यांचा कित्ताही गिरवू नये. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर देण्याची जी रीत घालून दिली आहे तिच्यात सौम्यता आहे, आणि समोरच्याविषयी आदरही आहे. आपल्या प्रभूची स्तुती करावयास दुसऱ्याच्या पूज्य पुरुषाची निंदा लागते असे आम्हांस वाटत नाही. मनुष्य धैर्याने मेला म्हणजे त्याचा प्रत्येक शब्द योग्यच होता असे ठरत नाही. त्याचा शब्द चुकला म्हणून त्याला मारणे न्याय्य होते, असेही नाही.

एप्रिलातील ठाण्याचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांस पुढील शिक्षेची कल्पना येईल. तिघांना बांधून, बोडक्या डोक्याने, सकाळच्या तिसऱ्या ताशीपासून नवव्या ताशीपर्यंत उन्हात ठेवण्यात आले. ते मेले नाहीत. मग आग पेटवून याकोबास तिच्यात टाकले, तेव्हा तो न होरपळता बाहेर आला, असे ओदोरिक सांगतो. ओदोरिक ठाण्यास आला तो घटनेनंतर थोड्याच काळाने, आणि लोकांच्या तोंडून त्याने हे ऐकले. आम्ही ह्या चमत्कारावर आपला विश्वास उभारीत नाही. शद्रख, मेशख व अबेदनगो ह्यांच्या देवास ते अशक्य नव्हते, एवढे म्हणून पुढे जातो.

गावचा अधिकारी, ज्यास मलिक म्हणत, त्याने हे पाहून तिघांना सोडून दिले आणि येथून त्वरेने निघून जा असे सांगितले. ते खाडी ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेले. तेथे एका मूर्तिपूजक मनुष्याने त्यांना आपल्या घरात आसरा दिला. ह्या गृहस्थाचे नाव इतिहासात राहिले नाही. पण ज्या रात्री त्यांना थारा देणे धोक्याचे होते त्या रात्री त्याने दार उघडले, हे कृत्य राहिले आहे. इकडे काजीने मलिकाचे मन फिरविले. पिलातासही आरोपीत दोष सापडला नव्हता, आणि तरीही तो वाकला. मलिकाने चार हत्यारबंद माणसे खाडीपार पाठविली. त्या माणसांनी त्या तिघांस सांगितले की, तुम्ही भले लोक आहात आणि हे काम आम्ही मनाविरुद्ध करतो. पण हुकूम न मानला तर आम्ही व आमची मुले मरू. मग रात्रीच्या अंधारात त्यांनी हुकूम बजावला. तो गुरुवार होता, 9 एप्रिल 1321. सामान राखावयास मागे राहिलेला पेत्र पकडला गेला, त्याचे हाल करण्यात आले, आणि शनिवारी, 11 एप्रिलला, त्यालाही ठार केले. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता.

हे वृत्त ऐकून आपल्या शेजारच्या मुसलमान बांधवांविषयी कोणाच्या मनात कडवटपणा आला तर त्याने हे वृत्त नीट ऐकले नाही असे आम्ही समजू. सोडणारा मलिक मुसलमान होता, आसरा देणारा मूर्तिपूजक होता, आणि बायकोला मारणारा ख्रिस्ती होता. न्याय मागावयास त्या ख्रिस्ती बाईस पंधरा ख्रिस्ती घरांपैकी एकाचाही उंबरठा सापडला नाही. तिला काजीकडे जावे लागले. आमच्या मते ह्या सगळ्या आठवड्यातील पहिले अपयश ते होय, आणि ते मंडळीचे आहे.

तिच्या फिर्यादीचे काय झाले? ओदोरिकाने उन्हाचे तास मोजले, आगीचे वर्णन केले, मलिकाचा शेवट कसा झाला तेही लिहिले: दिल्लीच्या बादशहाने त्याला बोलावून घेऊन देहांत शिक्षा दिली. बाईला न्याय मिळाला की नाही, ह्यावर मात्र त्याच्या वृत्तात एक शब्द नाही. साक्षीदारांना तिच्या फिर्यादीविषयी कोणी प्रश्न केल्याचेही त्यात नाही. मोठा धर्मवाद आला आणि घरातली मारहाण बाजूस पडली. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जाते. प्रभूने तिची गोष्ट सांगितली म्हणून ती राहिली. ठाण्याच्या ह्या बाईची गोष्ट सांगणाराच कोणी झाला नाही, आणि म्हणून आम्ही ती आज सांगत आहो.

कोणी म्हणेल, धर्मासाठी प्राण देणाऱ्यांच्या कथेत चुलीजवळचे भांडण कशाला उकरून काढता? आमचे उत्तर असे की, तरुण सेवकाच्या आठवड्यात काजीपुढे उभे राहण्याचा प्रसंग कदाचित कधीच येणार नाही; पण चुलीजवळच्या भांडणाचा प्रसंग मंगळवारी किंवा बुधवारी हटकून येतो. कल्याणच्या एखाद्या चाळीत तो प्रार्थनेस जातो. घरातली बाई चहा आणते, तिच्या मनगटावर काळा-निळा वळ असतो, ती पदर पुढे ओढून घेते. नवरा मंडळीचा पंच असतो, तो हसून म्हणतो, पाळकसाहेब, पडली मोरीत. सुवार्तिक त्या घरी जेवतो; कधी कधी त्या घरी राहतोही. ठाण्याचे चौघेही त्या मारणाऱ्या यजमानाचीच भाकर खात होते. अशा वेळी साक्ष देणे म्हणजे काय, हा प्रश्न काजीच्या प्रश्नाहून सोपा नाही. काजीच्या प्रश्नाचे उत्तर पाठ असते. ह्या प्रश्नाचे उत्तर दिले तर पुढचे जेवण मिळेल की नाही ह्याचीच शंका. पेत्राने त्याच पत्राच्या त्याच अध्यायात पतींना बजावले आहे की, स्त्रियांना मान द्या, नाही तर तुमच्याच प्रार्थनांना अडथळा येईल. म्हणजे ज्या घरात मारहाण आहे त्या घरातील प्रार्थनासभा वर पोहोचते की नाही, ह्याचाच संशय.

आजच्या सेवकाच्या हाती एक साधन आहे, जे त्या बाईच्या काळी नव्हते. घरातील हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला व 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. त्याअन्वये संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा हुकूम देऊ शकतो. त्या बाईनेच फिर्याद केली पाहिजे असेही नाही. असे कृत्य घडले आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे मानावयास ज्याला कारण आहे, अशा कोणाही मनुष्यास संरक्षण अधिकाऱ्यास खबर देता येते, आणि शुद्ध हेतूने दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर दिवाणी अगर फौजदारी जबाबदारी येत नाही. स्त्रियांच्या मदतीसाठी 181 ह्या क्रमांकाची दूरध्वनी सेवाही आहे. हा क्रमांक उपासनेच्या जागी भिंतीवर लावावा. आणि स्त्रियांच्या सभेच्या खोलीत लावला तर अधिक बरे, कारण तेथे पदर पुढे ओढण्याचे कारण नसते. बाईला विचारल्यावाचून सेवकाने घाई करू नये, कारण त्याच घरात राहावयाचे तिला आहे, त्याला नाही. परंतु तिने त्याच्याकडे पाहून, ह्यांना विचारा, असे म्हटले की मग गप्प बसण्याचा मार्ग त्याच्यासाठी बंद झाला.

आता जॉर्डनसकडे वळतो. प्रवासात असताना आपले भाऊ पकडले गेल्याची वार्ता त्याच्या कानी आली. तो परतला तेव्हा करण्यासारखे एकच काम उरले होते. ठाण्यात जेनोवाचा एक तरुण होता. त्याच्या साहाय्याने जॉर्डनसने ती शरीरे सोपाऱ्यास नेऊन पुरली. स्तेफनास पुरणाऱ्या भक्तिमान लोकांची नावे लूकाने दिली नाहीत, त्याप्रमाणे ह्या तरुणाचे नावही आमच्यापाशी नाही. आम्हांस तो फार आवडतो. तो उपदेशक नव्हता. परदेशात, धामधुमीच्या दिवसांत, प्रेते उचलावयास तो पुढे झाला.

त्यानंतर सुमारे अडीच वर्षे जॉर्डनस ह्या किनाऱ्यावर एकटा फिरला. 1321 च्या ऑक्टोबरात त्याने घोघ्याहून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो आपल्या बंधूंना कळवितो की, सोपारा, भडोच व कोल्लम येथे सेवकांना काम आहे, माणसे पाठवा. चार माणसे नुकतीच पुरून आलेला मनुष्य आणखी माणसे मागतो! दुसरे पत्र 1324 च्या जानेवारीतले आहे. त्यात तो आपले हाल सांगतो: समुद्री चाच्यांनी पकडले, तुरुंगात घातले, शिव्या दिल्या, अंगावरचा पंथाचा झगा जाऊन नुसत्या सदऱ्यावर फिरावे लागले, तहान, भूक, आजार. जे मेले त्यांच्या मुकुटात आपला वाटा नाही, ही खंत त्याने लपविली नाही. एलिया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी झोप दिली आणि मग भाकर. ज्या मंडळीचा तरुण सेवक गप्प झाला आहे व ज्याचे जेवण कमी झाले आहे, तिने आधी त्याच्या भाकरीची चौकशी करावी. हे दुसरे पत्र त्याने कोठून लिहिले? ठाण्याहून. जेथून पळून जावयास सर्व कारणे होती, तेथेच तो होता. 1329 साली त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली. पण आमच्या दृष्टीने त्याची थोरवी ह्या नेमणुकीत नाही, त्या अडीच वर्षांत आहे.

आमच्या स्वतःच्या मिशनांच्या इतिहासातही अशी माणसे झाली. अमेरिकन मिशनचे जॉन निकल्स 1818 साली ठाण्यास येऊन राहिले. तेव्हा ते तिशीच्या आत होते. त्यांचा आठवडा मुख्यत्वे शाळांच्या पाहणीत जाई. सहा वर्षांनी, 1824 साली, ते मरण पावले. ठाण्यास पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी आली. म्हणजे निकल्सच्या काळी मुंबईचा प्रवासही एक मोठे काम होते. त्यांचे सहकारी गॉर्डन हॉल हे 1813 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मुंबईस उतरले होते. 1826 च्या मार्चमध्ये ते नाशिकास गेले, तो तेथे पटकी पसरलेली. जवळची औषधे त्यांनी वाटून टाकली. 18 मार्चला ते परत निघाले. वाटेत एका खेड्यात देवळाच्या आश्रयास रात्र काढीत असता पहाटे पटकी त्यांनाच लागली, आणि 20 मार्चच्या दुपारी ते वारले. बरोबर दोन ख्रिस्ती मुले होती, त्यांनीच त्यांना घोंगडीत गुंडाळून पुरले. ह्या आठवड्यावर वेगळे प्रवचन होऊ शकेल, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सेवकांस आमची विनंती आहे की, आपल्या आठवड्याच्या वहीत केवळ सभांची संख्या लिहू नका. कोणी तुम्हांस साक्षीस बोलावले, तेही लिहा. आणि खेड्यांतील मंडळ्यांस विनंती ही की, सुवार्तिक घरी येईल तेव्हा त्याला पोटभर जेवू घाला, पण त्या जेवणाने त्याचे तोंड बंद करू नका. त्याने एखाद्या पंचाच्या घरची गोष्ट पंचांच्या बैठकीत मांडली, तर ती त्या बाईच्या देखत नीट ऐकून घ्या. आणि त्या महिन्याची त्याची वर्गणी अडवून ठेवू नका.